झोपणं हीच ड्यूटी

सकाळचे अकरा वाजलेत. बाहेर लख्ख ऊन आहे, पण अमेरिकेतल्या मेम्फिस शहरातल्या या भाड्याच्या खोलीत अमावास्या आहे. खिडकीच्या काचांना आतून ॲल्युमिनियमची फॉइल चिकटवलीय, दाराखालच्या फटीत टॉवेल खोचलाय. दुमजली पलंगावर खालच्या बाजूला एक वैमानिक झोपलाय. मोबाइल उशाशी, आवाज पूर्ण मोठा. खुर्चीच्या पाठीवर इस्त्रीचा गणवेश, खाली भरलेली बॅग. रात्री विमान कुठलं, गाव कुठलं, मुळात उडायचं तरी आहे का, यातलं त्याला काहीच ठाऊक नाही. तरीही तो आपलं काम चोख करतोय, कारण आत्ता झोपणं हेच त्याचं काम आहे.

मालवाहू विमान कंपनीत नव्यानं लागलेल्या वैमानिकाचे दिवस बहुधा असेच सुरू होतात. या अवस्थेला तिथे 'रिझर्व्ह' म्हणतात. तिच्यात जसजसं खोल शिरावं, तसतसं थक्क व्हायला होतं.

आधी त्याची रात्र समजून घेऊ. 17 एप्रिल 1973 च्या रात्री फेडरल एक्सप्रेस या नव्या कंपनीच्या 14 लहानशा फाल्कन विमानांनी 186 पाकिटं 25 शहरांकडे नेली. फ्रेडरिक स्मिथ या तरुण संस्थापकाची रीत ऐकायला विचित्र होती: पाकीट शेजारच्या गावाला जायचं असलं, तरी आधी ते मेम्फिसला आणायचं. हिशेब करून पाहा. 25 शहरं एकमेकांना थेट जोडायची तर 300 जोड्या होतात. सगळी एकाच केंद्राला जोडायची तर 25 मार्ग पुरतात. त्या एका हिशेबावर आजचा सगळा 'उद्या सकाळी घरपोच'चा डोलारा उभा आहे.

आज मेम्फिसच्या आकाशात रात्री दिव्यांची माळ लागते. दर दीड-दोन मिनिटांना एक विमान उतरतं. पोटं रिकामी होतात, पट्ट्यांवरून पाकिटं धावतात, पत्त्यांप्रमाणे वेगळी होतात आणि पहाटे तीच माळ उलटी फिरून देशभर विखुरते. लुईव्हिल शहरात यूपीएस या दुसऱ्या मालवाहू कंपनीचं 'वर्ल्डपोर्ट' हे असंच केंद्र आहे. तिथून दिवसाला साधारण 20 लाख पाकिटं हलतात. खाली ही वर्गवारी चाललेली असताना वैमानिक वरच्या शांत खोल्यांत दोन-तीन तास डोळा लागतोय का पाहतात. मग पहाटे, अवघं शहर साखरझोपेत असताना, त्यांना पुन्हा कॉकपिटमध्ये बसायचं असतं.

या यंत्रणेत ढिलाईला जागाच नाही. एका वैमानिकाला संध्याकाळी ताप भरला आणि त्याचं विमान उठलं नाही, तर त्यातलं प्रत्येक पाकीट पुढच्या वेगवेगळ्या विमानांना चुकतं. एका गावचा ताप शंभर गावांना चढतो. तो चढू नये म्हणून काही माणसं राखून ठेवावी लागतात.

कुणाला राखून ठेवायचं, हे ठरवतो एक आकडा. अमेरिकी विमान कंपन्यांत वैमानिकाचं नशीब त्याच्या सिनिऑरिटी क्रमांकाशी बांधलेलं असतं. नोकरीला लागल्याच्या तारखेवरून तो मिळतो. एकाच दिवशी, एकाच तुकडीत लागलेल्यांमध्ये कोण वर आणि कोण खाली? कुठे वयावरून ठरवतात, तर कुठे चक्क सोशल सिक्युरिटी क्रमांकाच्या शेवटच्या आकड्यांवरून! विमानाचा प्रकार, तळाचं शहर, सुट्ट्या, कॅप्टन होण्याची वेळ, सगळं त्या आकड्याच्या रांगेनं मिळतं. हजारो तास उड्डाण केलेला, लढाऊ विमानं चालवलेला माणूसही नव्या कंपनीत आला की यादीच्या तळाशीच बसतो.

दर महिन्याला पुढच्या महिन्याची वेळापत्रकं जाहीर होतात. प्रत्येक वेळापत्रकाला 'लाइन' म्हणतात. आपल्या पसंतीची यादी भरायची, याला 'बिड' करणं म्हणतात. पहिल्या क्रमांकाचा वैमानिक हवी ती लाइन उचलतो, मग दुसरा, मग तिसरा. कुणी आठवडा काम, आठवडा घर असं घेतं, कुणी बारा-बारा दिवसांचा जगाचा फेरा. ताटातलं गोडधोड असं वरच्या वर संपतं. नवख्याच्या वाटणीला उरतात ते रिझर्व्हचे दिवस: अमुक तारखेला, अमुक तासांत तू हाकेच्या अंतरावर हवास, एवढंच लिहिलेला कोरा कागद.

हाकही दोन तऱ्हेची असते. 'लाँग कॉल' असला तर बोलावणं बरेच तास आधी येतं. माणूस आपल्या गावी राहू शकतो, भाजी आणू शकतो, मुलाच्या शाळेत जाऊ शकतो. 'शॉर्ट कॉल' असला तर फोन वाजल्यावर ठरलेल्या थोड्या वेळात विमानतळावर हजर व्हावं लागतं. म्हणजे तळाच्या शहरातच मुक्काम. फोन आला नाही तरी ठरावीक किमान पगार मिळतो. कंपनी इथे त्याच्या तयार असण्याचे पैसे मोजते.

हे ऐकायला सोपं वाटतं. आता त्या खोलीत परत या. समजा त्याची हजेरीची वेळ संध्याकाळी सुरू होते. रात्री आठला फोन आला, तर पहाटे सहापर्यंत जागं राहायचं आहे. म्हणून दिवसा झोपलंच पाहिजे. पण दिवसभर झोपला आणि फोन आलाच नाही, तर रात्रभर भुतासारखा टक्क जागा. मग उद्याची झोप? उद्या हाक आली तर? न मिळालेल्या कामासाठी शरीराचं घड्याळ फिरवायचं आणि ते पुन्हा सरळ करायला सवड मिळण्याआधी पुन्हा फिरवायचं, ही त्याची खरी कसोटी. म्हणून तो अंदाज बांधायला शिकतो. मेम्फिसवर वादळी ढग आहेत का? माणसावाचून किती फेऱ्या पडून आहेत? आपल्या आधी रिझर्व्हवर कितीजण आहेत? नाताळाच्या आधीच्या आठवड्यांत त्याला अंदाज बांधावाच लागत नाही; तेव्हा फोन वाजतोच.

अनेकजण तळाच्या शहरात राहतच नाहीत. बायको-मुलं दूरच्या गावी असतात आणि ड्यूटीसाठी विमानानंच यावं लागतं. कॉकपिटमध्ये एक जादा आसन असतं, त्याला 'जंपसीट' म्हणतात. कॅप्टननं होकार दिला की त्यावर बसून दुसऱ्या कंपनीचा वैमानिकही फुकट प्रवास करू शकतो. आसन भरलेलं असलं तर पुढचं विमान. शहरात पोचल्यावर टेकायला 'क्रॅश पॅड': बऱ्याच वैमानिकांनी मिळून घेतलेलं घर. एका खोलीत तीन-चार पलंग, फ्रिजमधल्या प्रत्येक डब्यावर नाव आणि एक अलिखित नियम, की दिवसा कुणी मोठ्यानं बोलायचं नाही. तिथे शेजारच्या माणसाची झोप म्हणजे त्याची रोजीरोटी असते.

ही झोप इतकी मोलाची का? माणसाच्या मेंदूत दिवस-रात्रीचं एक घड्याळ आहे आणि ते डोळ्यांत शिरणाऱ्या उजेडावर चालतं. पहाटे शरीराचं तापमान उतरतं, प्रतिक्रिया मंदावतात, लक्ष निसटतं. अमेरिकी विमान नियमांनी या उताराची वेळही लिहून ठेवलीय: रात्री 2 ते पहाटे 5.59. मालवाहू विमानं याच वेळात माघारी उठतात. उलट सकाळी दहाला माणूस कितीही दमलेला असला, तरी ते घड्याळ त्याला उठवत राहतं. रात्रीची मालवाहतूक करणाऱ्या वैमानिकांवर नासाच्या संशोधकांनी अभ्यास केला, तेव्हा त्यांची दिवसाची झोप रात्रीच्या झोपेपेक्षा बरीच तोकडी भरली. आपल्याकडे रात्रपाळी करणारी नर्स किंवा कंपनीतला कामगार हे अभ्यास न वाचताही सांगेल.

इथे एक गोष्ट मनाला टोचते. 12 फेब्रुवारी 2009 रोजी न्यूयॉर्क राज्यात बफेलोजवळ कोलगन एअरचं प्रवासी विमान पडलं आणि 50 माणसं गेली. त्यानंतर वैमानिकांच्या विश्रांतीचे नियम मुळापासून नव्यानं लिहिले गेले. कामाचे तास ड्यूटी कितीला सुरू होते त्यावर ठरू लागले आणि आठ तास झोपेची संधी देणारी विश्रांती सक्तीची झाली. 2014 च्या जानेवारीत हे नियम लागू झाले, पण फक्त प्रवासी विमानांना. मालवाहू कंपन्यांना खर्च फार आणि लाभ कमी, असा हिशेब मांडून त्यांना वगळलं गेलं. त्यांच्यासाठी जुनेच नियम राहिले.

14 ऑगस्ट 2013 च्या पहाटे, पाचच्या आधी, यूपीएसचं 1354 क्रमांकाचं विमान अलाबामातल्या बर्मिंगहॅमच्या धावपट्टीच्या अलीकडेच कोसळलं. दोन्ही वैमानिक गेले. प्रवासी आणि मालवाहू वैमानिकांच्या विश्रांतीतल्या याच, तेव्हा येऊ घातलेल्या फरकावर ते दोघं त्या रात्री बोलत होते, हे कॉकपिटच्या ध्वनिमुद्रणात उमटलंय. चौकशीत मुख्य ठपका उतरण्याच्या पद्धतीवर आला, पण कारणांमध्ये थकव्याचीही नोंद झाली. फर्स्ट ऑफिसरला, म्हणजे सहवैमानिक महिलेला, ड्यूटीच्या आधी मोकळा वेळ मिळाला होता, तिची झोप मात्र पुरी झाली नव्हती. मोकळा वेळ आणि झोप या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे याहून कठोरपणे सांगता येणार नाही.

म्हणूनच त्या अंधाऱ्या खोलीबद्दल मला विलक्षण आदर वाटतो. फॉइल चिकटवणारा तो नवखा कुणाच्याही डोळ्यांत भरणार नाही असं, पण अत्यंत जबाबदारीचं काम करतोय. पुढे आकडा वर सरकला की तो आपल्या पसंतीची लाइन घेईल. तळाच्या गावीच घर असलेले काही ज्येष्ठ तर आपण होऊन रिझर्व्ह मागतात. हाक कमी येते आणि रात्री घरच्या अंथरुणात जातात. तोवर यानं उशाशी फोन ठेवून, न आलेल्या हाकेसाठी ताजंतवानं राहायचं.

त्याच्या विश्रांतीला कायद्यानंही प्रवासी वैमानिकाच्या विश्रांतीइतकंच वजन द्यायला हवं. मागे माणसं बसलीत की खोकी भरलीत, हे पहाटे चारला मिटू पाहणाऱ्या डोळ्यांना कळत नाही.