सीमेच्या आधीची सभा

न्यूयॉर्क राज्यात सिरॅक्यूज शहराच्या दक्षिणेला ओनोन्डागांची वसाहत आहे. होडेनोशोनी, म्हणजेच इरोक्वॉय संघाच्या सभेचा अग्नी इथला. मोहॉक, ओनायडा, ओनोन्डागा, कायुगा, सेनेका ही संघातली मूळची पाच राष्ट्रं. टस्करोरा १७२२च्या सुमारास येऊन मिळाले. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धानंतर यातले बरेच जण कॅनडातल्या ओंटारिओत ग्रँड नदीकाठी गेले आणि गोतावळा दोन देशांत विभागला. अक्वेसास्ने इथं तर सीमारेषा मोहॉकांच्या वस्तीतूनच जाते.

सभेत प्रमुखांच्या गाद्या ५०. मतदान नाही. मोहॉक-सेनेका हे थोरले भाऊ आधी बोलून एकमत करतात, मग विषय अग्नीपलीकडच्या धाकट्यांकडे, ओनायडा-कायुगांकडे जातो. दोघांचं जुळलं की ओनोन्डागा शिक्कामोर्तब करतात. वेळ लागतो, पण कुणाला घाई नसते. बैठक सुरू होते तीच आभारांनी: माणसं, धरणी, पाणी, मका-घेवडा-भोपळा, वारा, सूर्य, तारे, एकेकाचं नाव घेऊन. इथं देवकार्य आणि राजकारण वेगळं काढता येत नाही.

गादीवर कोण बसणार हे कुळमाता ठरवते. प्रमुख वाकडा चालला तर त्याला तीनदा समज मिळते. तरी ऐकलं नाही तर पदाची खूण असलेली हरणाची शिंगं उतरवली जातात. अमेरिकेच्या राज्यघटनेवर या संघाची छाप आहे, असा ठराव तिथल्या काँग्रेसनं १९८८मध्ये केला. इतिहासकार त्यावर अजून भांडतात. भांडोत बापडे. उचलायचंच होतं तर बायकांचा हा अधिकार उचलायचा. गोऱ्या बायकांना देशभर मताचा हक्क मिळायला १९२० उजाडलं.

या लोकांना सीमा ओलांडण्याची मुभा अमेरिका आणि ब्रिटनमधल्या १७९४च्या ‘जे’ करारात लिहिलेली आहे. कागदावर. १९२३मध्ये कायुगांचे प्रमुख डेस्काहे संघाच्याच पासपोर्टवर जिनिव्हाला राष्ट्रसंघाचं दार ठोठावायला गेले. ब्रिटननं ते उघडू दिलं नाही, आणि पुढच्याच वर्षी कॅनडानं ग्रँड नदीकाठची पारंपरिक सभा बाजूला सारून निवडणुकीचं मंडळ बसवलं. जुनी सभा तरीही भरतच राहिली.

पासपोर्टचं दुखणं मिटलेलं नाही. लॅक्रॉस हा खेळ मुळात यांच्या पूर्वजांचा. पण २०१०च्या मँचेस्टरमधल्या विश्वस्पर्धेला ब्रिटननं त्यांच्या खेळाडूंना येऊ दिलं नाही, कारण हेच पासपोर्ट. २०२८च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये लॅक्रॉस परततो आहे. होडेनोशोनींना आपल्या झेंड्याखाली खेळायचंय. ऑलिम्पिक समितीनं त्यावर दिलेलं उत्तर असं: अमेरिकेकडून खेळा, नाहीतर कॅनडाकडून.