आधी रस्ता, मग मोटर

सकाळी ८.४५
शटर वर केलं की पहिलं काम मल्टिमीटरचं. काल संध्याकाळी चार्ज करून कपाटात ठेवलेल्या बॅटऱ्यांचे व्होल्ट मोजून वहीत टिपायचे. ३६ व्होल्टची म्हणून विकली जाणारी लिथियम-आयन बॅटरी पूर्ण भरली की ४२ दाखवते आणि रिकामी होता होता ३० च्या आसपास येते. ३६ हा मधला, नावापुरता आकडा. रात्रभरानंतर जी ४१.८ वर आहे ती ठणठणीत. जी काही न करता ४० वर उतरली, तिच्या पोटात काहीतरी बिघडलंय. ती आज कुणालाही द्यायची नाही.

दुकान पुण्यात, सिंहगड रस्त्याच्या आतल्या बाजूला. पंक्चर, ओव्हरहॉलिंग, चाकाचा आउट काढणं ही जुनी कामं चालूच आहेत, पण हल्ली निम्मा दिवस साध्या सायकलला मोटर बसवण्यात जातो. खरं तर बसवण्यात कमी आणि काय घ्यायचं ते समजावण्यात जास्त.

सकाळी ९.३०
पहिलं गिऱ्हाईक शाळेतल्या बाई. राहायला धायरीला, शाळा स्वारगेटच्या अलीकडे. सुट्टी लागलीय, जूनच्या आत सायकल तयार हवी. सोबत मुलाने मोबाइलवर काढून दिलेली तीन-चार किटची चित्रं.

“यातली कितीची मोटर घेऊ? २५० वॉट पुरेल का ३५०?”

“ताई, मोटरचं शेवटी बघू. रोज जायचं-यायचं किती?”

“एकीकडचे नऊ-दहा किलोमीटर.”

“शाळेत चार्जिंगला लावता येईल?”

“नाही हो. शिपाईमामा ओरडतील.”

म्हणजे एका चार्जिंगमध्ये २० किलोमीटर झालेच पाहिजेत. मी बिलबुकाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर हिशेब मांडतो. पायडल मारत, मोटरची मध्यम मदत घेत चाललं तर किलोमीटरला १० ते १२ वॉट-अवर लागतात. १२ धरले तर २० किलोमीटरला २४०. बॅटरी रोज तळापर्यंत रिकामी केली की तिचं आयुष्य घटतं, म्हणून पाचवा हिस्सा शिल्लक ठेवायचा. २४० चे झाले ३००. दोन-तीन वर्षांनी बॅटरीची ताकद आणखी पाचव्या हिश्श्याने उतरेल, तेव्हाही शाळेतून घरी पोहोचायला हवं. ३०० चे झाले ३७५. आता बॅटरीवरचे दोन आकडे गुणायचे: ३६ व्होल्ट गुणिले १०.४ अँपिअर-अवर, बरोबर ३७४. ताईंची बॅटरी ठरली.

खोक्यावर ‘रेंज ६० किलोमीटर’ असं छापलेलं असतं. ते हलका माणूस, सपाट रस्ता, संथ वेग आणि भरपूर पायडल धरून काढलेलं असतं. नुसत्या एक्सिलेटरवर, पाय न हलवता गेलं तर हीच बॅटरी २०-२५ किलोमीटरमध्ये मान टाकते. म्हणून किलोमीटर वाचायचे नाहीत, वॉट-अवर वाचायचे. लिहिलेले नसतील तर व्होल्ट आणि अँपिअर-अवर यांचा गुणाकार करायचा.

सकाळी १०.४५
आता सायकल. ताईंची जुनी लेडीज सायकल आहे, लोखंडी फ्रेम, २६ इंची चाकं, तारेचे ब्रेक. मोटर चाकाच्या मधल्या हबमध्ये असते, त्यामुळे किट येतं ते मोटरसकट अख्ख्या चाकाचं. ते आपल्या सायकलीत बसायला हवं. मागच्या दोन पात्यांमधलं अंतर कॅलिपरने मोजतो: १३५ मिलिमीटर, म्हणजे सरळ बसेल. पुढच्या चिमट्याला साधारण १०० लागतं. घरून किट मागवणाऱ्यांपैकी बरेच जण हे मोजतच नाहीत, आणि मग चिमटा ताणून चाक कोंबायला माझ्याकडे येतात.

मोटर पुढे की मागे? पुढे बसवायला सोपी, मागच्या गिअर-चेनला हातही लावावा लागत नाही. पण पुढचा चिमटा ॲल्युमिनियमचा असेल तर मी नाही म्हणतो. मोटर फिरताना तिचा ॲक्सल उलट्या दिशेने जोर लावतो; लोखंड ते सोसतं, ॲल्युमिनियमचं पातं एखाद्या दिवशी तुटतं आणि तोंडावर आपटायची वेळ येते. ताईंचा चिमटा लोखंडी आहे, तरी त्यांना मागचीच दिली. माणसाचं वजन मागच्या चाकावर जास्त असतं, त्यामुळे ओल्या रस्त्यावर पकड तिथे चांगली.

हब मोटरही दोन जातींच्या. एकीच्या आत छोटे गिअर असतात: वजन अडीच-तीन किलो, चढावर जोर चांगला, आणि बंद असताना चाक मोकळं फिरतं. दुसरी बिनगिअरची: जड, आवाज जवळपास नाही, झिजायला काही नाही, पण बॅटरी संपल्यावर पायडल मारताना चाक अडल्यासारखं होतं. पहिल्यांदा घेणाऱ्याने गिअरवाली घ्यावी. बॅटरी संपेल तेव्हा ती सायकलच राहते.

दुपारी १२.००
कॉलेजचा मुलगा, २१ गिअरची डोंगरी सायकल, डिस्क ब्रेक. त्याला ४८ व्होल्ट, १००० वॉट हवंय.

“साठचा स्पीड येतो म्हणे, दादा.”

“आला, तर ती सायकल राहत नाही.”

आपल्याकडच्या नियमांत सूट आहे ती २५० वॉटपर्यंतच्या, ताशी २५ किलोमीटरच्या आत राहणाऱ्या सायकलला. तिला नोंदणी, लायसन्स, विमा काही लागत नाही. त्यापुढे गेलं की कायद्याच्या नजरेत ते मोटार वाहन. नंबर नाही, विमा नाही, आणि कुणाला धडकलास तर सगळं अंगावर. शिवाय त्याच्या फ्रेमचे जोड नि ब्रेक साठच्या वेगासाठी केलेले नाहीत.

“पण मला चांदणी चौक चढायचाय. २५० मध्ये होईल?”

हा प्रश्न मात्र रास्त. तू, सायकल आणि दप्तर मिळून १०० किलो धरू. शंभर मीटरला पाच मीटर चढणाऱ्या रस्त्यावर ताशी १२ च्या वेगाने जायला चाकापाशी साधारण २०० वॉट लागतात. धडधाकट माणूस पायांनी शंभर वॉट सहज देतो, उरलेलं मोटर देते. म्हणजे २५० पुरते, अट एकच: पाय हलत राहिले पाहिजेत. त्याला मधली मोटरही दाखवली, जी पायडलच्या जागी बसते आणि सायकलचे गिअर वापरून चढते. महाग आहे, चेन लवकर झिजवते, पण रोज घाट असेल तर तिला तोड नाही. “विचार करून येतो” म्हणाला. येईल किंवा दुसरीकडून १००० वॉट घेईल.

दुपारी १.००
ताईंच्या सायकलचं काम. जुनं मागचं चाक काढून फ्री व्हील सोडवलं आणि नव्या मोटरच्या आट्यांवर चढवलं. चाक बसवताना ॲक्सलच्या दोन्ही बाजू घासून चपट्या केलेल्या असतात, त्या खाचेत पूर्ण उतरल्या पाहिजेत. मग आकड्याचं वायसर, टॉर्क आर्म, नट. टॉर्क आर्म म्हणजे बोटभर लांबीची जाड पट्टी: एक टोक ॲक्सलला घट्ट, दुसरं फ्रेमला. तिच्यामुळे ॲक्सल खाचेत गरकन फिरत नाही. फिरला तर सगळ्या तारांना पीळ पडून त्या तुटतात. ही पट्टी किटमध्ये नसेल तर वेगळी विकत घ्यायची, न लावता निघायचं नाही.

तारा साध्या आहेत. मोटरला तीन जाड: पिवळी, हिरवी, निळी. सोबत पाच बारीक सेन्सरच्या. रंगाला रंग. मोटरला वीज सोडणारा कंट्रोलर सीटखाली, तारा खालून वळवून आत, म्हणजे पावसाचं पाणी तारेवरून ओघळत आत जात नाही. पायडलच्या दांड्याजवळ चुंबकांची चकती: पायडल फिरलं की मोटर सुरू. ब्रेक लिव्हर किटमधलेच लावले, कारण ते दाबताक्षणी मोटर बंद करतात.

दुपारी २.१५
अर्धं शटर, डबा, पंखा.

दुपारी ३.००
सकाळपासून कोपऱ्यात पडलेली एक बॅटरी उघडतो. गिऱ्हाइकाने ऑनलाइन मागवलेली, ‘३६ व्होल्ट २० अँपिअर-अवर’ असं लिहिलेली. तक्रार: सुरुवातीला बरी चालली, आता दहा किलोमीटरमध्ये बंद.

उघडायच्या आधी वजनकाट्यावर ठेवतो. दोन किलो शंभर ग्रॅम. इथेच खोटं उघडं पडलं. १८६५० नावाचा सेल १८ मिलिमीटर जाड, ६५ लांब, वजन ४५ ते ४८ ग्रॅम. ३६ व्होल्टसाठी असे दहा सेल एकापुढे एक लागतात. सर्रास मिळणारा सेल २.६ अँपिअर-अवरचा, २० हवे असतील तर आठ ओळी, म्हणजे ८० सेल, नुसत्या सेलचंच वजन साडेतीन किलोच्या वर. अगदी भारी ३.५ वाले घातले तरी ६० सेल, पावणेतीन किलोच्या पुढे. दोन किलोत २० बसतच नाहीत. आत मोजले: ४० सेल. शिवाय दोन वेगवेगळ्या रंगांच्या वेष्टनांतले. कुठल्या तरी लॅपटॉपच्या बॅटऱ्यांतून काढलेले असावेत.

सेल चार-चारच्या दहा गटांत जोडलेले. मीटरची टोकं एकेका गटावर ठेवत गेलो. ३.९१, ३.९२, ३.९०, ३.९१... सातव्या गटावर ३.०४. बॅटरीतलं बीएमएस नावाचं सर्किट सगळ्यांत कमजोर गटाकडे बघून निर्णय घेतं: तो तळाला गेला की बाकीचे नऊ भरलेले असले तरी सगळं बंद. म्हणून दहा किलोमीटर. एक गट बदलून देता येईल, पण नवा सेल जुन्यांत घातला की महिन्या-दोन महिन्यांत दुसरा गट मान टाकणार. गिऱ्हाइकाला फोन करून तेच सांगितलं.

नव्याने घेणाऱ्याला बॅटरी उघडून बघता येत नाही. पण चार गोष्टी विचारता येतात. सेल कुठल्या कंपनीचा, कुठल्या मॉडेलचा, किती? बीएमएस सतत किती अँपिअर देतं? (२५० वॉटची मोटर सपाटीला ७ अँपिअर खाते, चढावर कंट्रोलर १५ पर्यंत ओढतो, म्हणून २० चं असावं.) वॉरंटी बिलावर लिहून देणार का? आणि काटा आहे का?

दुपारी ४.३०
पेठेतून एक काका आले, रॉडब्रेकची काळी सायकल घेऊन. त्यांना स्वस्तातली लेड-ॲसिड बॅटरी हवी.

“स्कूटरला चालते तर सायकलला का नको?”

१२ व्होल्टच्या तीन लागतील, काका, प्रत्येकी चारेक किलो. कॅरिअरवर १२ किलोचं ओझं कायमचं, आणि रोज पूर्ण उतरवली तर वर्षा-दीड वर्षात बदलायची. लिथियममध्ये दोन प्रकार मिळतात. नेहमीचा हलका. दुसरा फॉस्फेटवाला, थोडा जड, पण उष्णता जास्त सोसतो आणि चार्जिंगच्या फेऱ्याही कितीतरी जास्त देतो. उन्हात दिवसभर सायकल उभी राहणार असेल तर तो बरा.

मग विचारलं, जायचं कुठे? मंडईत, दोन किलोमीटर, सपाट. सायकल उचलून मागचं चाक फिरवलं तर एक फेरीही धड पूर्ण होईना. छर्रे सुकलेले, टायरमध्ये हवा निम्मी, चेन गंजलेली. काकांना मोटर नको होती, ग्रीस हवं होतं. छर्रे बदलले, चेनला तेल दिलं, हवा भरली. जाताना काका म्हणाले, “तुमचा धंदा कसा चालतो हो?”

संध्याकाळी ६.००
ताई सायकल न्यायला आल्या. आधी स्टँडवर चाचणी: चाक फिरवून ब्रेक दाबला, मोटर बंद झाली. पायडल उलटं फिरवलं, मोटर गप्प. मग गल्लीत एक चक्कर. एकच सूचना दिली: निघताना पहिली दोन पायडलं स्वतःच्या पायांनी मारा, मग मोटरला घेऊ द्या. स्वस्त किटमधला सेन्सर पायडल फिरतंय एवढंच ओळखतो, किती जोर लावलाय ते नाही. त्यामुळे सिग्नलला नुसतं पाऊल टेकवतानाही सायकल पुढे झेपावू शकते. जोर ओळखणारा सेन्सर मिळतो, पण त्याचे पैसे जास्त.

मग चार्जिंगचे नियम. सोबतचाच ४२ व्होल्टचा चार्जर. दोन अँपिअरने साडेपाच-सहा तास लागतात, वीज अर्ध्या युनिटच्या आत. उन्हातून आल्यावर बॅटरी हाताला गार लागेपर्यंत थांबायचं. झोपताना लावून ठेवायची नाही, गादीवर किंवा दाराच्या तोंडाशी तर नाहीच. पेटली तर बाहेर पडायची वाट तीच असते. दिवाळीच्या सुट्टीत सायकल नुसती उभी राहणार असेल तर बॅटरी अर्धी भरून ठेवायची. सायकल पाइपने धुवायची नाही. आणि बॅटरी मेली की भंगारात नाही, कचऱ्यात नाही. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार ती परत घेण्याची जबाबदारी उत्पादकाची आहे. इथे आणून द्या, मी पुढे पाठवतो.

रात्री ८.१५
आवरता आवरता फोन. “किट केवढ्याला?” मी दोन दर सांगतो आणि फरक सांगतो. बिलात सगळ्यांत मोठा आकडा बॅटरीचा, आणि घासाघीस करणाऱ्याचा हात आधी तिथेच जातो. पैसे कमी पडत असतील तर रंगीत डिस्प्ले सोडा, साधे तीन दिवे असलेला घ्या. एक्सिलेटरही नको, पायडलवर चालेल. बॅटरी आणि ब्रेक मात्र पूर्ण किमतीचे घ्या, आणि बिलावर सेलचं नाव लिहून मागा. जो दुकानदार ते लिहून द्यायला का-कू करतो, त्याच्याकडून पंक्चरसुद्धा काढून घेऊ नका.