प्रचालकांना हाक केव्हा मारायची?

मराठी विकिपीडियावर मुंबईतल्या माझगावविषयी वाचताना काही खटकलं, तर ते आपणच दुरुस्त करायचं की प्रचालकांना सांगायचं? १ मे २००३ पासून चालू असलेल्या या ज्ञानकोशात कुणीही लिहू शकतो, म्हणून हा प्रश्न कुठल्याही वाचकाला पडू शकतो. प्रचालक हे पगारी संपादक नव्हेत. घरदार, नोकरी सांभाळून वेळ देणारे ते स्वयंसेवक आहेत. पान काढून टाकणं, पानाला कुलूप घालणं, एखाद्या सदस्याला लिहिण्यापासून रोखणं, जुनी आवृत्ती लपवणं हे त्यांचे जास्तीचे अधिकार. कोणती माहिती बरोबर, हे ठरवण्यात मात्र त्यांचा शब्द तुमच्या-माझ्या शब्दाइतक्याच वजनाचा असतो. हे ध्यानात घेतलं की पुढचं बरंचसं आपोआप सुटतं.

साधी चूक घ्या. माझगाव गोदीचा इतिहास १७७४ मधल्या एका छोट्या सुक्या गोदीपासून सुरू होतो, आणि सरकारने ती १९६० मध्ये ताब्यात घेतली. समजा, कुणी १९६० हेच स्थापनेचं वर्ष लिहिलं. इथे कुणालाही बोलवायची गरज नाही. ‘संपादन’वर टिचकी मारा, वर्ष बदला, संदर्भ जोडा आणि काय बदललं ते खालच्या चौकटीत एका ओळीत लिहा. ती ओळ लिहायचा कंटाळा करू नका. तुमच्यामागून येणाऱ्याला बदलाचं कारण तिथेच कळतं.

मतभेदाचं प्रकरण वेगळं. ग्लोरिया चर्च मूळचं माझगावचं, १६३२ चं. आजची इमारत १९१३ ची, भायखळ्यात. मग त्याची माहिती कोणत्या लेखात यावी? दोन जाणकार यावर प्रामाणिकपणे भांडू शकतात. अशा वेळी समोरच्याची तक्रार करणं मला अन्यायाचं वाटतं. लेखाच्या ‘चर्चा’ पानावर आपलं म्हणणं पुराव्यासकट मांडा, दोन-चार दिवस थांबा. तरीही सुटलं नाही तर ‘चावडी’ या सामाईक चर्चेच्या पानावर इतर सदस्यांचं मत विचारा. प्रचालकांना पंच म्हणून ओढायचं नाही.

उत्पात मात्र ओळखू येतो. अख्खा परिच्छेद पुसून शिवी लिहिलेली असते, नाहीतर आकडे मुद्दाम फिरवलेले असतात. ‘इतिहास पहा’ उघडा. कुणी, किती वाजता, काय बदललं याची ओळीने नोंद तिथे असते. बदल उलटवा आणि त्या सदस्याच्या चर्चापानावर सौम्य शब्दांत सांगा; नवखा माणूस नुसता प्रयोगही करून बघत असेल. सांगूनही तो पुन्हा तेच करू लागला की प्रचालकांना कळवायची वेळ आली.

काही बाबतीत मात्र थांबायचंच नाही. २७ सप्टेंबर २०१३ रोजी माझगावात बाबू गेनू मंडईची पालिका कर्मचाऱ्यांच्या वस्तीची इमारत कोसळली आणि ६१ माणसं गेली. समजा, त्या माहितीत कुणी एका हयात माणसाचं नाव घालून, संदर्भ न देता, ‘हाच दोषी’ असं लिहिलं आणि खाली त्याचा फोन नंबरही टाकला. हे ताबडतोब काढायला हवं. पण तुम्ही काढलं तरी ते इतिहासाच्या आवृत्तीत जसंच्या तसं राहतं आणि कुणीही ते उघडून वाचू शकतो. ती आवृत्ती लपवणं प्रचालकांच्याच हातात असतं. म्हणून कळवायचंच, पण चावडीवर नाही. तिथे लिहिलंत तर ज्याने तो नंबर पाहिला नव्हता तोही बघायला जाईल. प्रचालकाच्या सदस्यपानावरून ई-मेल पाठवा. कुणी जिवाचं बरंवाईट करण्याची किंवा दुसऱ्याला मारण्याची भाषा करत असेल, तर आधी ११२ ला फोन, आणि सोबत विकिमीडिया फाउंडेशनच्या आणीबाणीच्या पत्त्यावर मेल.

वर्तमानपत्रातला मजकूर उचलून चिकटवलेला असेल तर तीच अडचण: पुसला तरी इतिहासात उरतो. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं त्याच्या लेखनावर प्रताधिकार असतो. म्हणून मूळ बातमीचा दुवा देऊन प्रचालकांना सांगा. पुनर्विकासाची जाहिरात म्हणूनच कुणी नवं पान काढलं असेल, तर त्यावर ‘पानकाढा’ साचा लावला की पुरे.

प्रचालकांना निवेदन लिहिताना राग बाजूला ठेवा. ‘हा माणूस सगळं बिघडवतो आहे’ एवढ्याने काहीच कळत नाही. मग प्रचालकाला शेकडो बदल चाळावे लागतात, आणि तो वेळ त्याच्याच संध्याकाळमधून जातो. लेखाचं नाव, नेमक्या बदलाचा दुवा, आधी तुम्ही काय केलंत, आता काय हवं आहे, एवढं चार ओळींत द्या. उदाहरणार्थ: ‘माझगाव लेखात अमुक सदस्याने तीनदा परिच्छेद पुसला, तिन्ही बदलांचे दुवे असे, त्याच्या चर्चापानावर काल सूचना दिली, आज पुन्हा पुसला, कृपया पाहावे.’

प्रचालकाने नकार दिला तर कारण विचारायचा हक्क तुम्हाला आहे. पण तेच निवेदन नवनव्या पानांवर टाकत राहू नका. कारण पटलं नाही तर मूळ निवेदनाखालीच नवा पुरावा जोडा, म्हणजे दुसऱ्या प्रचालकालाही सगळं एका जागी वाचता येईल.