असफल शिष्टाई आणि अद्भुत : उद्योगपर्वातील 'भगवद्याना'चे कथारूप

'शिष्टाई' हा शब्द मराठीत मध्यस्थीचा वाचक असला, तरी त्याच्या उच्चारासरशी आठवते ती कृष्णशिष्टाई, म्हणजे फसलेली शिष्टाई. उद्योगपर्वातील 'भगवद्यान' हे उपपर्व अद्भुतकथा म्हणून वाचले असता त्यात एका स्वयंपूर्ण लघुकादंबरीची घडण आढळते. या घडणीत अद्भुताचे कार्य कोणते, एवढाच प्रश्न येथे विचारार्थ घेतला आहे.

असा प्रश्न आज निश्चित संहितेच्या आधारे विचारता येतो, याचे काही श्रेय औंधला द्यावे लागते. औंधचे चित्रकार-अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी १९१८ मध्ये सचित्र महाभारतासाठी एक लाख रुपयांची देणगी देऊ केली. त्यातून भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या चिकित्सक आवृत्तीला चालना मिळाली. १९१९ मध्ये आरंभलेले हे कार्य १९६६ मध्ये पूर्ण झाले. या आवृत्तीत सभापर्वातील द्रौपदीचा कृष्णधावा मूळ संहितेबाहेर गेला. कौरवसभेतील विश्वरूपदर्शन मात्र संहितेत कायम राहिले. साहजिकच ते प्रक्षिप्त म्हणून दूर सारता येत नाही. त्याचा अर्थ कथेतच शोधावा लागतो.

द्रुपदाचा पुरोहित आणि संजय यांच्या दौत्यानंतर कृष्ण हस्तिनापुरास येतो. कार्य सिद्ध झाल्याविना दूताने अन्न घेऊ नये, या न्यायाने तो दुर्योधनाचे भोजन नाकारतो आणि विदुराघरी उतरतो. यश येणार नाही हे जाणूनही प्रयत्न न केल्याचा दोष लागू नये, हा आपला हेतू तो विदुराजवळ स्पष्ट करतो. 'यश येईल काय?' ही उत्सुकता अशा रीतीने आधीच मावळते. उरते ती युक्तिवादाची कसोटी.

दुर्योधन दूतालाच बांधू पाहतो, तेव्हा विश्वरूप प्रकटते. सभेतील राजे भयाने डोळे मिटतात; भीष्म, द्रोण, विदुर, संजय यांसारख्या मोजक्यांनाच ते पाहण्याची दृष्टी लाभते. परंतु त्यानंतर काय घडते? काहीच नाही. दुर्योधनाचा निश्चय अभंग राहतो. सामान्य अद्भुतकथेत चमत्कार संकट निवारतो. येथे तो शिष्टाई संपल्यावर येतो आणि परिणामशून्य ठरतो. पाठोपाठ कृष्ण कर्णाला रथात घेऊन त्याचे जन्मरहस्य सांगतो. तेथे चमत्कार नाही, केवळ सत्य आहे. तेही नाकारले जाते, पण विचारपूर्वक.

या दोन नकारांतील अंतरातच या कथेचे मर्म आहे. अद्भुत दिपवू शकते, पटवू शकत नाही. ज्याने डोळे मिटले आहेत, त्याच्यापुढे विश्वरूपही निरुत्तर होते.