आवाज येतो, चित्र नाही

नारायणगाव असो वा मंचर, वीज गेली-आली की एखादा टीव्ही रुसतोच. आवाज येतो, पडदा मात्र काळा! अंधारात पडद्यावर टॉर्च तिरका धरा. पुसट चित्र दिसले, तर पॅनेल बहुधा शाबूत. मागच्या एलईडी पट्ट्या किंवा त्यांचे सर्किट बिघडलेले. हे काम नव्या पॅनेलपेक्षा पुष्कळ स्वस्तात होते.

झाकण मात्र उघडू नये. २३० व्होल्टच्या विजेतून कपॅसिटरमध्ये सुमारे ३२५ व्होल्ट साठतात आणि प्लग काढल्यावरही काही काळ टिकतात.

जुन्नरकरांना बिघाड वेळेत दुरुस्त करून घेण्याचे आणखी एक कारण आहे. खोडद परिसरातल्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ३० तबकड्या अवकाशातल्या क्षीण रेडिओलहरी टिपतात; टीव्हीचा बिघडलेला अँटेना-बूस्टर त्यात गोंगाट मिसळू शकतो.

मेकॅनिकला बोलावण्यापूर्वी वॉरंटी तपासा, खर्चाचा अंदाज विचारा आणि बदललेला भाग परत मागा.