शेजारीण आणि तिच्या हातातला फोन

गोव्यातल्या एका जिल्हा रुग्णालयात येणाऱ्या २७० गरोदर बायकांवर डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक अभ्यास केला होता. तो २००२ साली प्रसिद्ध झाला. बाळ दीड-दोन महिन्यांचं होईतो त्यांपैकी २३ टक्के आयांना नैराश्य असल्याचं त्यात आढळलं. त्यातल्या निम्म्याहून अधिक जणी सहा महिन्यांनीही बऱ्या झालेल्या नव्हत्या. कारणं शोधायला कुठल्या प्रयोगशाळेत जावं लागलं नाही. घरातली ओढाताण, उपासमार, नवऱ्याशी बिनसलेलं, मारहाण. या सगळ्याचा भार कमी-जास्त करणारी आणखी एक गोष्ट होती, ती म्हणजे मुलगा झाला की मुलगी. पुढच्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या निबंधात या मंडळींनी बाळांकडे पाहिलं, तेव्हा नैराश्य असलेल्या आयांची बाळं वजनाने मागे असल्याचं दिसलं.

हे फक्त गोव्यापुरतं नव्हतं. देशभरातले ३८ अभ्यास एकत्र करून २०१७ मध्ये काढलेला आकडाही २२ टक्क्यांचाच होता, म्हणजे पाचातली एक बाळंतीण.

बाळंतपणानंतर आठ-दहा दिवस उगाच रडू येणं, चिडचिड होणं हे बहुतेकींच्या वाट्याला येतं आणि आपोआप ओसरतं. नैराश्य मात्र त्यानंतरही हटत नाही. वार सुटून आली की शरीरातलं प्रोजेस्टेरॉन झपाट्याने उतरतं, आणि त्यापासून तयार होणारं, मेंदूला शांत ठेवणारं अ‍ॅलोप्रेग्नॅनोलोन हे द्रव्यही त्याबरोबर घसरतं. काही जणींच्या मेंदूला ही घसरण सोसत नाही. या धाग्यावरूनच झुरानोलोन हे तोंडाने घ्यायचं औषध तयार झालं आणि अमेरिकेत २०२३ मध्ये त्याला मंजुरी मिळाली. शोध मोलाचा आहे, पण मारहाणीवर गोळी नसते. शिवाय आपल्याकडे तालुक्याच्या गावी मानसोपचारतज्ज्ञ मिळणं हीच मोठी गोष्ट. त्यामुळे गेली वीस वर्षं संशोधक एका वेगळ्याच प्रश्नामागे लागले आहेत: तज्ज्ञ नसताना तज्ज्ञाचं काम कोणी करायचं?

याचं पहिलं भरघोस उत्तर रावळपिंडीच्या खेड्यांमधून आलं. आतिफ रहमान यांनी तिथल्या ‘लेडी हेल्थ वर्कर’ना, म्हणजे आपल्या आशाताईंसारख्याच गावातल्या बायकांना, विचार आणि वर्तन यांवर काम करणाऱ्या उपचाराची सोपी पद्धत शिकवली. ‘थिंकिंग हेल्दी’ हे तिचं नाव. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यात दर आठवड्याला एक भेट, बाळंतपणानंतरच्या महिन्यात तीन आणि मग महिन्याला एक, अशा एकूण सोळा भेटी. ‘माझं नशीबच फुटकं, माझ्याने काही होणार नाही’ असला विचार चित्रं दाखवून ओळखायला शिकवायचं, त्याच्या जागी दुसरा विचार ठेवून पाहायचा आणि पुढच्या भेटीपर्यंत तसं वागून बघायचं. त्यातली खरी हुशारी दारातून आत शिरण्यात होती. ‘तुमच्या सुनेच्या मनावर उपचार करायला आलोय’ असं सांगितलं असतं, तर सासूने दार लावून घेतलं असतं. त्याऐवजी ‘बाळ सुदृढ व्हावं म्हणून आलोय’ असं सांगितलं गेलं. मग सासूही येऊन बसली.

९०३ आयांवर झालेल्या या चाचणीचे निष्कर्ष २००८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले. सहा महिन्यांनी उपचार मिळालेल्या गटात २३ टक्के आया नैराश्यात होत्या, तर दुसऱ्या गटात ५३ टक्के. एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. ज्यासाठी चाचणी आखली होती, ती बाळांची वजन-उंची दोन्ही गटांत सारखीच राहिली. जुलाबाचं प्रमाण घटलं, लसीकरण वाढलं, आई-बाप बाळाशी जास्त खेळू लागले. पण आईचं मन सावरलं म्हणून बाळ आपोआप वजनदार झालं नाही. २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ही पद्धत आपल्या पुस्तिकेत घेतली.

पुढची अडचण कोणत्याही आशाताईने न विचारता सांगितली असती. लसीकरण तिच्याकडे, सर्वेक्षण तिच्याकडे, गरोदर बाईला दवाखान्यात न्यायचं तिनेच, आणि आता मनाचंही काम तिनेच करायचं. म्हणून संशोधक आणखी एक पायरी खाली उतरले आणि गावातल्याच, आई झालेल्या, कुठल्याही नोकरीत नसलेल्या बायकांना त्यांनी हे शिकवलं. ‘संगत’ या संस्थेने गोव्यात २८० गरोदर बायकांवर ही चाचणी केली. २०१९ मध्ये तिचे निष्कर्ष आले: सहा महिन्यांनी अशा मैत्रिणीची साथ मिळालेल्यांपैकी ७३ टक्के नैराश्यातून बाहेर होत्या, बाकीच्यांत ६० टक्के. फरक आहे, पण रावळपिंडीएवढा डोळे दिपवणारा नाही. लक्षणांच्या सरासरी तीव्रतेत तर ठोस फरक दिसलाच नाही.

शेजारणीकडे माया असते, वेळ असतो, ‘माझंही असंच झालं होतं’ म्हणण्याचा हक्क असतो. कमी पडतं ते तंत्र. सोळा भेटींचा क्रम, कुठला प्रश्न कधी विचारायचा, सल्ला देण्याचा मोह कुठे आवरायचा, हे काही महिन्यांत विसरायला होतं. गावोगावी फिरून उजळणी घेणारे पर्यवेक्षक आणायचे कुठून?

फोन या कथेत इथे येतो, आणि तो आईच्या हातात नाही तर शेजारणीच्या हातात येतो. रहमान यांच्याच गटाने पाकिस्तानच्या ग्रामीण भागात एक अ‍ॅप तयार केलं. त्यात चित्ररूपातली एक समुपदेशक उपचाराचा गाभा नेमक्या शब्दांत सांगते. शेजारीण आईजवळ बसून ते ऐकते, मध्येच थांबवते, त्यातलं या घराला लागू काय ते बोलते, पुढच्या भेटीपर्यंतचं काम ठरवते. तंत्र फोनने सांभाळायचं, नातं माणसाने. प्रशिक्षित आरोग्यसेविकेने दिलेल्या मूळ उपचाराशी याची तुलना करणारी मोठी चाचणी २०२५ मध्ये प्रसिद्ध झाली. अशा चाचणीत नवी पद्धत सरस असल्याचं सिद्ध करायचं नसतं, जुनीपेक्षा ती उणी नाही एवढंच दाखवायचं असतं. तेवढं तिने दाखवलं. शेजारीण आणि फोन मिळून प्रशिक्षित सेविकेच्या बरोबरीला आले.

मग शेजारीण वगळून नुसतं अ‍ॅपच आईला दिलं तर? अनेक कंपन्यांना हेच हवं आहे, कारण शेजारणीला मोबदला द्यावा लागतो आणि अ‍ॅपला लागत नाही. पण अ‍ॅप उतरवून घेणं वेगळं आणि वापरणं वेगळं. मानसिक आरोग्याच्या ९३ अ‍ॅपांचा प्रत्यक्ष वापर मोजणारा एक अभ्यास २०१९ मध्ये आला. तीस दिवसांनंतरही ती उघडणाऱ्यांचं प्रमाण जेमतेम ३.३ टक्के होतं. मुंबईच्या ‘अरमान’ संस्थेचा अनुभवही याला पूरक आहे. डॉ. अपर्णा हेगडे यांनी सुरू केलेली ही संस्था ‘एममित्र’मार्फत वस्त्यांमधल्या गरोदर बायकांना दर आठवड्याला फोनवर माहिती ऐकवते. काही काळाने पुष्कळ जणी ऐकणं सोडून देतात. कोणाची गळती होणार याचा अंदाज मिलिंद तांबे आणि गूगलच्या संशोधकांनी कृत्रिम बुद्धिमत्तेने बांधला. २३ हजार महिलांवर झालेल्या चाचणीत त्यामुळे गळती सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाली. पण ती कमी केली कशाने? यंत्राने नावं काढून दिली, आणि त्या नावांना फोन केले ते माणसांनी.

फोन कोणाचा, हाही प्रश्न आहेच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत १५ ते ४९ वयाच्या सुमारे ५४ टक्के स्त्रियांनी स्वतः वापरत असलेला मोबाइल असल्याचं सांगितलं. उरलेल्या जणींचा फोन नवऱ्याच्या खिशात किंवा दिराच्या हातात. ‘आज मनात कुठले विचार आले?’ हा संदेश जेवणाच्या वेळी भलत्याच माणसाने वाचला, तर त्या आईचं काय होईल, याचा विचार अ‍ॅप बनवणाऱ्यांच्या बैठकीत कितीदा होत असेल? मला शंका आहे.

किशोरवयीन मुलांकडे स्वतःचा फोन असण्याची शक्यता जास्त, म्हणून त्यांचं तरी अ‍ॅपवर भागेल असं वाटतं. पुरावा तसं म्हणत नाही. बिहारमधल्या नालंदा जिल्ह्यातल्या ७४ शाळांत ‘सेहर’ या कार्यक्रमाची चाचणी झाली. काही शाळांत हा कार्यक्रम बाहेरून नेमलेल्या समुपदेशकांनी चालवला. त्यांच्याकडे मानसशास्त्राची पदवी असावी अशी अट नव्हती. काही शाळांत तेच काम शिक्षकांकडे होतं. परिपाठाच्या वेळी बोलणं, भित्तिपत्रक, मनातलं लिहून टाकायची पेटी, एकेकट्याशी गप्पा. समुपदेशकांच्या शाळांमध्ये नैराश्य, दादागिरी, मारामारी कमी झाली. शिक्षकांच्या शाळांत काहीच बदललं नाही. कार्यक्रम एकच, पुस्तिका एकच. परीक्षा आणि अभ्यासक्रमाच्या रेट्यात असलेल्या, हातात गुण ठेवणाऱ्या माणसापाशी मूल मन मोकळं करत नाही, असा मी याचा अर्थ लावतो.

दिल्लीच्या सहा सरकारी शाळांमधल्या ‘प्राइड’ चाचणीत २५१ मुलामुलींना चित्रकथांच्या पुस्तिका दिल्या होत्या: अडचण नेमकी काय, पर्याय कोणते, त्यातला एक करून बघ. निम्म्यांना त्याखेरीज तीन आठवड्यांत चार-पाचदा समुपदेशक भेटला. नुसती पुस्तिका मिळालेल्यांपेक्षा यांच्या अडचणी जास्त हलक्या झाल्या. मानसिक लक्षणांत मात्र सहा आठवड्यांनी तसा ठळक फरक नव्हता. ‘संगत’ने गोवा आणि दिल्लीतल्या मुलांना सोबत घेऊन याच पद्धतीचा ‘पॉड अ‍ॅडव्हेंचर्स’ हा मोबाइलवरचा खेळ बनवला. मुलं आधी गोष्टीतल्या पात्राची अडचण सोडवतात, मग स्वतःची. आणि हा खेळही समुपदेशकाच्या सोबतीने खेळायचा असतो.

फोनचा आणखी एक उपयोग मला या साऱ्यात सर्वांत आश्वासक वाटतो: शिकवण्याचा. मध्य प्रदेशात ‘संगत’च्या चमूने आशाताईंना नैराश्याच्या उपचाराचं प्रशिक्षण स्मार्टफोनवरून देऊन पाहिलं आहे. चार दिवस घरदार सोडून जिल्ह्याच्या गावी जाणं जमत नाही अशा बाईला रात्री भाकऱ्या उरकल्यावर धडा पाहता येतो.

आपल्या विदर्भाचा दाखला तर अ‍ॅपशिवायचा आहे. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ प्रकल्पाने गावातलेच कार्यकर्ते घरोघरी पाठवले. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणारे आधी ४.३ टक्के होते. दीड वर्षात ते २७.२ टक्क्यांवर गेले.

तेव्हा सरकारने मानसिक आरोग्याचं नवं अ‍ॅप मंजूर करताना ते चालवणाऱ्या आशाताईचा मोबदलाही त्याच फाइलीत मंजूर करावा. तो नसेल तर अ‍ॅपवरचा खर्च वाया गेला असं समजायला हरकत नाही. दरम्यान, फोनच्या पलीकडे माणूस असलेली एक सरकारी सेवा आजही उपलब्ध आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या ‘टेलि-मानस’चा क्रमांक १४४१६ आहे. तो चोवीस तास चालतो, पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येतं. बाळंतिणीला स्वतः फोन लावणं जमत नसेल, तर तिच्यासाठी घरातल्या कोणीही लावावा.