ढगातलं ऊन

जुलैतल्या एखाद्या दिवशी जव्हारला १०० मिलिमीटर पाऊस पडतो. तिथे ती बातमी होत नाही. ढग इतके खाली उतरतात की हनुमान पॉइंटवरून समोरची दरी दिसत नाही, दुपारी बाराला घरात दिवा लावावा लागतो, दोरीवरचे कपडे चार-चार दिवस ओलेच राहतात. अशा दिवशी डोंगरावरच्या त्या हवेत, जमिनीच्या प्रत्येक चौरस मीटरमागे, सरासरी २,८०० वॉट उष्णता मोकळी होत असते, आणि तीही दिवसरात्र, चोवीस तास. मे महिन्यातल्या निरभ्र दुपारी, सूर्य डोक्यावर असताना, त्याच चौरस मीटरला १,००० वॉटच्या आसपास ऊन मिळतं. दिवस मावळला की तेही संपतं. उष्णतेच्या हिशेबात जव्हारचा झडीचा दिवस तिथल्या भर उन्हाळ्याच्या दिवसापेक्षा कितीतरी मोठा आहे.

ही उष्णता येते वाफेचं पाणी होताना. तिला आपल्या शाळेच्या पुस्तकात अप्रकट उष्मा म्हणतात, आणि तिचा आवाका चुलीपाशी उत्तम कळतो. एक लिटर पाणी २५ अंशांवरून उकळीला आणायला ३१४ किलोज्यूल लागतात. तेच पाणी पुढे सगळं आटवायचं तर आणखी २,२५७ किलोज्यूल, म्हणजे सातपटीहून जास्त. आधण यायला दहा मिनिटं लागली असतील, तर तोच जाळ आणखी जवळजवळ सव्वा तास चालू ठेवावा लागेल. या सव्वा तासात तापमान तसूभरही वाढत नाही. (समुद्रसपाटीला ते १०० अंश असतं, जव्हार साडेचारशे मीटर उंचावर आहे, म्हणून तिथे पाणी साडेअठ्ठ्याण्णव अंशांनाच उकळतं.) सव्वा तासाची लाकडं जळून गेली आणि तापमापीवर त्याची खूण नाही.

हे कोडं १७६० नंतरच्या काही वर्षांत ग्लासगोला जोसेफ ब्लॅक यांनी सोडवलं. त्यांचं लक्ष आधी बर्फाकडे गेलं होतं. शून्य अंशाचा एक किलो बर्फ वितळून शून्य अंशाचंच पाणी व्हायला ३३४ किलोज्यूल लागतात. तेवढ्या उष्णतेत ते पाणी शून्यावरून ८० अंशांपर्यंत तापलं असतं. वितळायला काहीच खर्च नसता, तर थंडी सरल्यावर डोंगरावरचा सगळा बर्फ एकदम पाणी होऊन खालची गावं वाहून गेली असती, असा ब्लॅक यांचा युक्तिवाद होता. उष्णता नाहीशी होत नाही. पाण्याचे रेणू एकमेकांना धरून असतात, आणि ती धर सोडवण्यात ती खर्ची पडते. बर्फात ही धर सैल करायची असते, वाफेत पूर्ण तोडायची असते. रेणू पुन्हा एकत्र आले की खर्च झालेली सगळी उष्णता जशीच्या तशी परत मिळते. पाऊस म्हणजे ही परतफेड.

आता एकच थेंब घेऊ, दोन मिलिमीटर व्यासाचा. त्याचं वजन सुमारे ४ मिलिग्रॅम. पत्र्यावर आपटताना त्याचा वेग सेकंदाला साडेसहा मीटरच्या घरात असतो. आपण ऐकतो तो आवाज या आपटण्याचा. वर ढगात हा थेंब जमला तेव्हा मोकळी झालेली उष्णता मात्र या आपटण्यातल्या ऊर्जेच्या लाखपटीहून जास्त होती: दहा ज्यूल. एक किलोचं वजन एक मीटर उचलायला जेवढं लागतं तेवढं. एका थेंबाने! आणि तोही एकाएकी झालेला नसतो. ढगातले कण एक शतांश मिलिमीटर त्रिज्येचे, आणि असे दहा लाख कण एकत्र आले की आपला हा एक थेंब होतो. असे कण मोजण्यासाठी पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने २०१२ पासून महाबळेश्वरला एक प्रयोगशाळाच चालवली आहे, कारण सह्याद्रीवर ढग स्वतःच दारात येतात.

दाभोसाचा धबधबा पावसाळ्यात पाहिलेल्याला पाण्याची ताकद सांगावी लागत नाही. लेंडी नदी तिथे तीनशे फुटांवरून कोसळते. त्या पडण्यात दर किलो पाण्यामागे सुमारे ९०० ज्यूल ऊर्जा असते. पाणी खालच्या डोहात स्थिरावलं की तिची उष्णता होते, आणि त्याने पाणी एक पंचमांश अंशाने गरम होतं, फार तर. तेच एक किलो पाणी वाफेतून द्रव होताना त्याने साडेचोवीस लाख ज्यूल दिलेले असतात. तेवढी ऊर्जा नुसत्या पडण्यातून मिळवायची, तर दाभोसा २५० किलोमीटर उंच असायला हवा. हवेचं जाणवण्याजोगं आवरण शंभर किलोमीटरवर संपतं. इतक्या उंचीचा धबधबा अवकाशातून सुरू करावा लागेल.

एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी, आणि एक लिटर पाऊस म्हणजे विजेच्या मापात ०.६८ युनिट उष्णता. एवढे दोन आकडे हाताशी असले की पुढचा हिशेब नुसत्या गुणाकाराचा आहे. जव्हार आणि मोखाडा या दोन तालुक्यांचं क्षेत्र मिळून हजार चौरस किलोमीटरच्या आसपास. पाऊस आपण अडीच हजार मिलिमीटर धरू. हा हात राखून धरलेला आकडा आहे, कित्येक वर्षी याहून जास्त पडतो. म्हणजे चार महिन्यांत या दोन तालुक्यांवर अडीच लाख कोटी लिटर पाणी उतरतं. मुंबईला पाणी पुरवणारे सातही तलाव काठोकाठ भरले तरी त्यांत १.४५ लाख कोटी लिटर मावतं. त्यांतलं एक धरण, मध्य वैतरणा, मोखाडा तालुक्यातच कोचाळ्याला आहे: १०२ मीटर उंच, २०१४ पासून चालू, क्षमता १९,३५३ कोटी लिटर. दोन तालुक्यांच्या पावसाने अशी जवळजवळ तेरा धरणं भरतील.

आणि उष्णता? १.७ लाख कोटी युनिट. २०२३-२४ या वर्षात सगळ्या भारतात मिळून सुमारे १.७४ लाख कोटी युनिट वीज तयार झाली: कोळशाची, पाण्याची, अणूची, वाऱ्याची, उन्हाची, सगळी धरून. चंद्रपूर, कोराडी, तारापूर, कोयना यांच्यासह देशातल्या एकूण एक केंद्रांनी वर्षभरात जेवढी वीज बनवली, जवळपास तेवढीच उष्णता महाराष्ट्रातले दोन आदिवासी तालुके एका पावसाळ्यात आभाळात मोकळी झालेली बघतात. मी हा गुणाकार पुन्हा पुन्हा ताडून पाहिला, कारण पटतच नव्हता. तो बरोबर आहे.

त्यातून एक गोष्ट निघते, आणि मला ती या आकड्याहूनही मोलाची वाटते. दर चौरस मीटरमागे ही उष्णता १,७०० युनिट पडते. त्याच चौरस मीटरवर वर्षभर पडणारं सगळं ऊन एकत्र केलं, तर तेही साधारण १,८०० युनिटच भरतं. म्हणजे जव्हारचा पाऊस जव्हारच्या उन्हाने होणं शक्यच नाही. वर्षभराचं सगळं ऊन नुसतं पाणी आटवायला लावलं, जमीन तापू दिली नाही, झाडाला एक किरण दिला नाही, तरी हिशेब जेमतेम जुळेल. ही उष्णता बाहेरून आली पाहिजे. ती येते अरबी समुद्रावरून, काही तर विषुववृत्ताच्याही पलीकडून. समुद्राच्या पृष्ठभागावरून रोज चार-पाच मिलिमीटर पाणी वाफ होऊन जातं. जव्हारला पावसाळ्यात रोजचे सरासरी वीस मिलिमीटर पडतात. तालुक्याच्या दर एका चौरस किलोमीटरसाठी चार-पाच चौरस किलोमीटर समुद्र सतत झिजत असतो. एप्रिल-मे महिन्यांत हा समुद्र ३० अंशांपर्यंत तापतो आणि पावसाळ्यात निवतो, त्याचं एक कारण हे बाष्पीभवन. नैर्ऋत्य मोसमी वारे पाणी आणतात हे आपण भूगोलात शिकतो. ते समुद्रावरचं ऊनही आणतात, वाफेत दडवलेलं, आणि सह्याद्रीला धडकल्यावर ते मोकळं करतात.

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्या दिवशी तिथल्या आभाळात दर चौरस मीटरमागे सरासरी २६,००० वॉटहून जास्त उष्णता सुटत होती. पृथ्वीच्या वातावरणाबाहेर, सूर्यासमोर थेट धरलेल्या चौरस मीटरला १,३६१ वॉट मिळतात. त्याच्या एकोणीसपट!

एवढी उष्णता सुटते, तरी आपल्याला गारठा का वाटतो? कारण ती जमिनीवर नाही, वर ढगात सुटते, आणि तिथे ती लगेच कामाला लागते. एक किलो हवेत एक ग्रॅम वाफेचं पाणी झालं की ती हवा अडीच अंशांनी गरम होते. कोरडी हवा वर चढताना दर किलोमीटरला जवळजवळ दहा अंशांनी थंड होते. ढगातली हवा या उष्णतेमुळे त्याच्या निम्मीच थंड होते. मग ती भोवतालच्या हवेपेक्षा ऊबदार राहते, हलकी राहते, आणखी वर जाते, तिच्या जागी समुद्रावरची नवी दमट हवा ओढली जाते. पाऊस पावसाला बोलावतो तो असा. या उष्णतेतला शेकडा एक-दोन हिस्साच वाऱ्याच्या गतीत उतरतो, बाकीची शेवटी अवकाशात निघून जाते. तिच्यावर दिवे लावता येत नाहीत. पण तो एक-दोन टक्के नसता, तर मोसमी वारा एवढ्या जोराने आत आलाच नसता.

मग एप्रिल येतो. अडीच लाख कोटी लिटर पाण्यातलं बहुतेक वाघ, पिंजाळ, वैतरणा या नद्यांनी केव्हाच वाहून गेलेलं असतं. खाली काळा कातळ, वर मातीचा पातळ थर. पाणी मुरायला जागा थोडी. ज्या तळ्यांत उरतं त्यांच्यावर ऊन आपली वसुली सुरू करतं. रोज सात मिलिमीटर आटतं असं धरलं, तर एक हेक्टरच्या तळ्यातून दिवसाला ७०,००० लिटर जातं. दहा हजार लिटरचे सात टँकर, रोज. मार्च ते मे या तीन महिन्यांत दोन फूट पाणी. माठ मात्र याच वेळी कामाला येतो: झिरपलेलं १०० मिलिलिटर पाणी आटलं की आतलं पंधरा लिटर चार अंशांनी गार होतं. जुलैत हवेत वाफ ठासून भरलेली असते, तेव्हा तोच माठ हे करू शकत नाही.

या दिवसांत मोखाड्याच्या पाड्यांवरच्या बायका दरीतल्या विहिरीवर उतरतात आणि हंडे घेऊन वर चढतात. पंधरा लिटरचा हंडा १०० मीटर उंच चढवायचा, तर पाण्यावर होणारं काम १४.७ किलोज्यूल भरतं. उन्हाला एवढ्या ऊर्जेत किती पाणी आटवता येतं? सहा ग्रॅम. चहाचा एक चमचा भरून थोडं वर. ती चढण संपवताना बाईला हंड्याबरोबर स्वतःचं शरीरही वर न्यावं लागतं. शरीर जेवढी ऊर्जा खर्च करतं तिच्यातला फार तर पाचवा हिस्सा चढण्याच्या कामी येतो, उरलेली उष्णता होते, आणि ती बाहेर टाकायला १०० मिलिलिटरच्या आसपास घाम आटवावा लागतो. पंधरा लिटर आणण्यासाठी तिने अंगातलं एवढं पाणी दिलेलं असतं, एका खेपेला. जिथल्या आभाळात देशाच्या वर्षभराच्या विजेएवढी उष्णता सुटते, तिथे बाईला एका चमच्याच्या वाफेइतकं काम पायांनी करावं लागतं. हा हिशेब मला सहन होत नाही.

कारण लागणारी ऊर्जा खरोखरच नगण्य आहे. २०११ च्या जनगणनेत दोन्ही तालुक्यांची लोकसंख्या सुमारे सव्वादोन लाख होती. जल जीवन मिशनच्या निकषाने माणशी रोज ५५ लिटर पाणी धरलं आणि ते सगळं १०० मीटर वर चढवायचं ठरवलं, निम्मी वीज पंपातच वाया जाते असंही धरलं, तरी दिवसाला ६,७०० युनिट पुरतात. वर्षाला साडेचोवीस लाख. एका हेक्टरवर पडणाऱ्या पावसाची उष्णता १.७ कोटी युनिट असते. ती विजेत बदलता येत नाही, तेव्हा ही तुलना फक्त मापासाठी. पण माप असं आहे की एका हेक्टरच्या आभाळातली उष्णता दोन तालुक्यांच्या सात वर्षांच्या पंपाइतकी भरते.

आभाळातली ती उष्णता हाती येत नसली तरी उन्हाळ्यातलं ऊन हाती येतं. या भागातल्या काही पाड्यांवर सौरपंपांनी दरीतलं पाणी वर आणलंही आहे. तीनशे वस्तीच्या पाड्याला १०० मीटर खालून रोज साडेसोळा हजार लिटर चढवायला नऊ युनिट लागतात, आणि तेवढी वीज ३३० वॉटची सात पॅनल देतात. विहिरीला पाणी मात्र जूनपर्यंत टिकायला हवं.